याचंसुद्धा एपीएस आलं म्हणे!

निगडी प्राधिकरणात हल्ली एखाद्याचा मुलगा इंजिनिअर होऊन इथेच नोकरीला लागला, की लोक आवाज खाली करून विचारतात, "काय हो, काही अडचण झाली का?" आई बिचारी सारवासारव करते. आधी दोन वर्षं अनुभव घेणार आहे म्हणे. चाकणला निघोज्याच्या बाजूला लागलाय, जर्मन कंपनीच आहे, बरं का! समोरच्या काकू मान हलवतात, पण चेहरा दुखवट्याला आल्यासारखा. जर्मन कंपनी, आणि चाकणला? म्हणजे जर्मनी तंगड्या तोडत आपल्या दारात आली आणि कार्ट्याने उलटा पाहुणचार घ्यायला जायचंही नाव काढू नये!

तर मंडळी, शोभा झाली आहे ती अशी. काळेवाडीपासून मोशीपर्यंत, वाकडपासून तळेगावपर्यंत ज्या घरात बी.ई. आहे त्या घरात जर्मनी आहे. मागच्या पिढीत अमेरिका होती, मधे काही वर्षं कॅनडा चाललं. आता पाण्याच्या टाकीखालच्या कट्ट्यावर बसलेले आजोबासुद्धा विंटर इंटेक आणि समर इंटेक बोलतात. आकडेच बघा ना. २०२२-२३च्या हिवाळी सत्रात जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांनी चिन्यांना मागे टाकून पहिला नंबर काढला. पुढच्याच वर्षी भारतीयांची संख्या ४९ हजारांच्या वर गेली. त्यातले निम्मे चिंचवड स्टेशनजवळच्या अभ्यासिकांतून उठून गेलेत, असा आमच्या सोसायटीचा अंदाज आहे. तो कोणी तपासलेला नाही आणि तपासू देणारही नाही.

पूर्वी बारसं, मुंज, लग्न एवढेच प्रसंग होते. आता मुंज आणि लग्न यांच्यामध्ये एपीएस नावाचा संस्कार आला आहे. १ नोव्हेंबर २०२२पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र सक्तीचं झालं. दिल्लीतलं त्यांचं कार्यालय अठरा हजार रुपये घेतं, तुमची कागदपत्रं तपासतं आणि ती खरी असल्याचं लिहून देतं. आता बघा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पदवी आपण फ्रेम करून हॉलमध्ये लावतो. येणाराजाणारा तिच्याकडे बघून चहा पितो. ती खरी आहे याचं दुसरं प्रमाणपत्र आणायचं म्हणजे घराण्याचा अपमानच की नाही? पण अपमान वाटून घ्यायला कोणाला वेळ आहे! एपीएस आल्याच्या दिवशी पेढे वाटले जातात. आमच्या बिल्डिंगमध्ये तर एका घरून बर्फी आली, कारण त्यांच्या मुलाचं एपीएस आठवडाभर आधी आलं होतं आणि पेढ्यांवर ते कसे भागवतील?

खरा तमाशा मार्कांचा. आपल्याकडे दहापैकी ८.२ सीजीपीए म्हणजे पोरगं हुशार. जर्मनीत मात्र एक म्हणजे सर्वोत्तम आणि चार म्हणजे कसाबसा पास. मधे एक सूत्र लावतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात. सर्वाधिक गुणांतून आपले गुण वजा करायचे, त्याला तिनाने गुणायचं, सर्वाधिक आणि पास होण्याचे गुण यांच्यातल्या फरकाने भागायचं आणि वर एक मिळवायचा. पासिंग चारला धरलं, तर ८.२चे होतात १.९. हे गणित एका नातवाने मोठ्या उत्साहाने आजीला समजावलं. आजी एवढंच म्हणाल्या, "एवढी फी भरून एकच्या पुढे दीड पावलं पण नाही?"

आणि कोर्सची नावं! आमच्या वेळी इंजिनिअरिंगला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल होतं आणि ज्याला यांतलं काहीच मिळत नव्हतं तो प्रॉडक्शनला जायचा. आता घराघरांत केम्नित्सचं ऑटोमोटिव्ह सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, बोखुमचं कॉम्प्युटेशनल इंजिनिअरिंग, माग्डेबुर्गचं डिजिटल इंजिनिअरिंग असं चालतं. स्टुटगार्टला कॉमास नावाचा कोर्स आहे, पदार्थ आणि रचना यांचं यांत्रिकी संगणकावर सोडवायचं. नाव इतकं सुटसुटीत, की एका काकांना ते हॉटेल वाटलं. काइझर्सलाउटर्नला तर कमर्शियल व्हेइकल टेक्नॉलॉजी म्हणून एम.एस्सी. आहे. म्हणजे ट्रक! हे ऐकून टेल्कोतून रिटायर झालेले आमचे शेजारी अक्षरशः उभे राहिले. "ट्रक शिकायला जर्मनीला? अरे, १९५४ साली डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला लागलो तेव्हापासून आम्ही काय करत होतो? मर्सिडीजची पहिली गाडी आमच्या पिंपरीच्या शेडमध्ये जोडली, चाकणला तर ते २००९ला गेले!" काकांचं चुकत नाही. पण त्यांचाच नातू दुसऱ्या खोलीत बसून त्याच काइझर्सलाउटर्नचा अर्ज भरत होता, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. बीपीचा त्रास आहे त्यांना.

अर्ज भरणं हा वेगळाच उद्योग. जर्मनीच्या डीएएडी या संस्थेच्या यादीत इंग्रजीतून शिकवले जाणारे दोन हजारांहून जास्त अभ्यासक्रम आहेत, आणि प्रत्येकाची अट वेगळी. गणिताचे इतके क्रेडिट, मेकॅनिक्सचे इतके, थर्मोडायनॅमिक्सचे इतके. पुणे विद्यापीठाचा २०१५ पॅटर्न, २०१९ पॅटर्न, प्रत्येकाचा सिलॅबस काढायचा आणि तिकडच्या मॉड्यूल हँडबुकशी ओळीला ओळ लावून बघायचा. पत्रिका बघण्याची सवय असलेल्या घरांना हे काम जमतं. एक ताई सांगत होत्या, "त्याच्या मॅथ्समध्ये दोन क्रेडिट कमी पडतात, म्हणून ड्रेस्डेन जुळत नाही. सीगेन जुळतं." सांगताना हात असे हलवत होत्या, की मंगळ कडक आहे असं मला वाटलं. बऱ्याच विद्यापीठांचे अर्ज युनि-असिस्ट नावाच्या संस्थेमार्फत जातात. पहिल्या अर्जाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. त्यामुळे पहिला महाग पडला म्हणून वसुलीसाठी आणखी अकरा भरणारे बापही आहेत.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेला शब्द कुजबुजून सांगते: फुकट. सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, ही बातमी पिंपरीच्या शगुन चौकातल्या सेलच्या बोर्डापेक्षा जोरात पसरली. खोटीही नाही, बहुतेक राज्यांत खरोखरच नाही. सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरोच्या आसपास वर्गणी भरायची आणि त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पासही येतो. पण फुकटाचा हिशोब ऐकाल तर भोवळ येईल. व्हिसाआधी एका वर्षाचा खर्च ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावा लागतो. सप्टेंबर २०२४पासून तो आकडा ११,९०४ युरो आहे, म्हणजे साधारण अकरा-बारा लाख रुपये. मग पोरगं तिकडे पोचलं की महिन्याला ९९२ युरो मिळतात. भोसरीच्या एका व्हीएमसी ऑपरेटरने आयुष्यभर ओव्हरटाइम करून जमवलेले पैसे त्याच्याच मुलाला जर्मनी हप्त्याहप्त्याने पॉकेटमनी म्हणून देते, आणि मुलगा फोनवर सांगतो, "बाबा, इथली सिस्टिम भारी आहे!"

गंमत इथेच संपत नाही. चाकणच्या पोराला मर्सिडीजच्या गावाला जायचं असतं, म्हणजे स्टुटगार्ट. ते येतं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात. आणि तेवढ्या एका राज्याने २०१७पासून युरोपियन संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो फी लावली आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५च्या हिवाळ्यापासून फी सुरू केली, आणि ती मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सेमिस्टरला चार ते सहा हजार युरोपर्यंत जाते. म्हणजे बीएमडब्ल्यूच्याही गावात पैसे लागतात. फोक्सवॅगनचं वुल्फ्सबर्ग मात्र लोअर सॅक्सनी राज्यात, तिथे फी नाही. जवळच ब्राउनश्वाइगचं विद्यापीठ आहे, १७४५ सालचं. फोक्सवॅगनच्याच निघोज्याच्या प्लँटमध्ये अप्रेंटिस असलेल्या पोरांनी हे आधीच हेरून ठेवलंय. कोण म्हणतं आपली मुलं अभ्यास करत नाहीत?

शिवाय जात आहेच. जर्मनीत जाऊनही आपण जात सोडली नाही. टीयू-नाइन म्हणजे नऊ जुन्या तांत्रिक विद्यापीठांचं मंडळ: आखन, बर्लिन, ब्राउनश्वाइग, डार्मश्टाट, ड्रेस्डेन, हनोवर, कार्ल्सरूह, म्युनिक, स्टुटगार्ट. यांपैकी मिळालं तर दारात रांगोळी. त्याखाली बाकीची विद्यापीठं. त्याखाली होखशूल, म्हणजे उद्योगाला जवळची, प्रत्यक्ष कामावर भर देणारी. खरं तर कारखान्यात रमणाऱ्या पोराला एसलिंगन किंवा इंगोलश्टाटची होखशूल जास्त मानवेल, पण सोसायटीच्या ग्रुपवर टाकताना "युनिव्हर्सिटी" एवढंच लिहितात. सगळ्यात खाली खासगी. तिथे फी लाखांत, प्रवेश झटपट. कन्सल्टन्सीवाला नेमकी तीच आधी का सुचवतो, हे एका बापाने विचारलं तेव्हा एसीचा गारवा वाढवून त्यांना कॉफी देण्यात आली.

बारावीनंतर लगेच पाठवणारेही आता निघालेत. आपली नुसती बारावी त्यांना तांत्रिक विद्यापीठात थेट प्रवेशाला पुरत नाही. जेईई ॲडव्हान्स्ड काढा, नाहीतर इथे एक वर्ष कॉलेज करा, नाहीतर तिकडे वर्षभर पूर्वतयारीचं श्टुडिएनकोलेग. हे कळल्यावर एक आई म्हणाल्या, "म्हणजे तेरावी?" आणि तेरावा शब्दामुळे त्या दिवशी विषय बंद झाला.

जर्मनचे क्लास तर विचारूच नका. खाली अमृततुल्य, वर ए१. चिखलीत, मोशीत, पिंपळे सौदागरला, जिथे पूर्वी टॅली आणि एमएस-सीआयटीचे बोर्ड होते तिथे आता ए१ ते बी२. बी१ला पोचलेल्या मुलाला पंगतीत दोन वाढीव जिलब्या मिळतात. कोर्स इंग्रजीत असला तरी पार्टटाइम काम, घर, दुकान, सगळं जर्मनमध्ये, हे त्याला तिथे उतरल्यावर कळतं. काम करायला वर्षाला १४० पूर्ण दिवसांची परवानगी आहे, आणि शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. हे दोन आकडे मात्र घराघरांत तोंडपाठ. पाढे विसरले, हे नाही.

पण मी म्हणते, सगळ्यात भयंकर गोष्ट कोणी सांगतच नाही. तिकडे एटीकेटी नाही हो! आपल्याकडे एम-थ्री पाचव्या सेमिस्टरला सुटतो, सातव्याला सुटतो, आणि सुटला की बाप गणपतीला नारळ फोडतो. तिकडे बहुतेक ठिकाणी एका परीक्षेला तीन संधी. तिसऱ्यांदा गेलात की त्या अभ्यासक्रमातून नाव कमी, आणि तोच विषय जर्मनीत दुसरीकडे घेण्याची वाटही सहसा बंद. वर्गाला हजेरी बहुतेक वेळा घेतच नाहीत. टर्मवर्क नाही, सबमिशन नाही, आदल्या रात्री मित्राची फाईल उतरवून सरांची सही घेणं नाही. शेवटी एकच परीक्षा, तिच्यावर सगळं. ज्या पोराने चार वर्षं सबमिशनवर काढली, त्याला कोणी सांगत नाही, आणि बाहेर जाण्याआधी त्यानेही विचारलेलं नसतं.

पूर्वी लोक जायचे तेव्हा काय शिकायला गेले हे गावाला ठाऊक असायचं. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली एमआयटीतून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन आले आणि कारखान्यात घुसले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ला कोलंबियाला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढे लंडनला शिकत होते, तरी १९२१मध्ये त्यांनी बॉनच्या विद्यापीठातही नाव नोंदवलं. ज्ञानाची भूक म्हणजे काय ते तिथे बघावं, दोन देशांत एकाच वेळी. तिथला अभ्यास पुढे सरकला नाही, पण प्रवेश फुकट आहे म्हणून घेतलेला नव्हता. आणि इरावतीबाई कर्वे! १९२०च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनला मानववंशशास्त्र शिकायला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचा झेंडा मिरवणारे. युरोपियन कवटीच्या ठेवणीत काही खास श्रेष्ठपण आहे, असं सिद्ध व्हावं ही त्यांची अपेक्षा. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध नसल्याचं प्रबंधात लिहून दिलं. आज आमच्या पोरांना गाईडकडून शिफारसपत्राच्या तीन प्रती मिळवताना घाम फुटतो.

आकुर्डीत तर डोळ्यांसमोरचं उदाहरण होतं. राहुल बजाज हार्वर्डहून एमबीए करून आले आणि कारखान्याच्या वसाहतीतच राहिले. प्राधिकरणातल्या आजच्या मापाने ते नापासच म्हणायचे.

उलट दिशेचंही ऐका. गुंथर सोंथायमर नावाचे हायडेलबर्गचे प्राध्यापक आपल्या धनगरांच्या ओव्या आणि खंडोबाचा अभ्यास करायला वर्षानुवर्षं महाराष्ट्रात हिंडले, जेजुरीच्या भंडाऱ्यात माखले. १९९२ला वारले. त्यांना कोणी विचारलं नसेल, "कोर्स संपल्यावर वर्क परमिट किती महिन्यांचं?"

तर मी परवा आमच्या सोसायटीत एक अत्यंत असभ्य गोष्ट केली. पेढे घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, "कोर्समध्ये शिकवणार काय?" हॉलमध्ये शांतता. त्याच्या आईने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पगारच विचारला. (पगार विचारला असता तर चाललं असतं.) मुलाने सांगितलं की कोर्स ऑटोमोटिव्हमध्ये आहे, शहर छान आहे, स्कोप आहे. वडिलांनी जोडलं, "तिकडे गाड्यांचं माहेरघर!" मी आणखी असभ्य झाले. डिसेंबर २०२४मध्ये फोक्सवॅगनने २०३०पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचं कामगार संघटनेशी ठरवलं, झेडएफनेही त्याच वर्षी तिथल्या चौदा हजारांपर्यंत जागा कमी करण्याचं जाहीर केलं, हे मी सांगितलं. वडील म्हणाले, "ते जुन्या लोकांचं असेल." पेढा चांगला होता, खरं सांगते. केशराचा.

आणि आता मूळ बातमी, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. भोसरी एमआयडीसीत एका गृहस्थांचं छोटं प्रेस शॉप आहे. पॉवर प्रेस, दोन-चार डाय, चाकणला ब्रॅकेट पुरवतात. त्यांची मुलगी डॉर्टमुंडला मॅन्युफॅक्चरिंग टेक्नॉलॉजीला चाललीय. इथवर ठीक. तिलाही मी तोच असभ्य प्रश्न विचारला, आणि ती बोलायलाच लागली! म्हणे, पूर्वीचा साधा पत्रा नव्वद अंशांत वाकवला की थोडा परत उघडायचा, आणि तो किती उघडणार हे बाबांच्या जुन्या फिटरच्या हाताला कळायचं. तो अंदाजाने जास्त वाकवायचा, डायखाली शिम लावायचा, दोन ट्रायलमध्ये माल पास. आता गाडी हलकी करायची म्हणून कस्टमर जास्त ताकदीचा, पातळ पत्रा देतात. तो किती परत उघडेल याचा फिटरला अंदाज लागत नाही, दर बॅचला वेगळा. ट्रायलवर ट्रायल, रिजेक्शन वाढतं. डॉर्टमुंडच्या विद्यापीठात नुसत्या धातूच्या फॉर्मिंगवर काम करणारी मोठी संस्था आहे, तिथे हेच करतात म्हणे. पत्रा दाबायच्या आधी संगणकावर त्याचं वागणं काढायचं आणि डाय त्याप्रमाणे कापायचा. तिने तीन वर्षांचा रिजेक्शनचा डेटा वहीत उतरवून घेतलाय. अर्जासोबतच्या एसओपीत, म्हणजे का शिकायचंय ते सांगणाऱ्या निवेदनात, तेच लिहिलं. ॲडमिट आलं.

मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय, परत. दोन वर्षांनी बाबांच्या प्रेसवर."

परत! तुम्ही ऐकलंत ना? ही बातमी भोसरीतून लांडेवाडीमार्गे आमच्या सोसायटीत यायला एक दिवससुद्धा लागला नाही. "जरूर काहीतरी भानगड असणार," असं तळमजल्यावरून आलं. "व्हिसात काही लफडं आहे का?" दुसऱ्या मजल्यावरून. "कर्ज घेतलं नसेल, म्हणून माज," तिसऱ्यावरून. टेल्कोवाले काका एकटेच खूश. त्यांनी तिच्या वडिलांना फोन करून डायचं ड्रॉइंग मागवलंय. आणि एका काकूंनी तर कळवळून विचारलं, "अहो, एवढी गुणी मुलगी, आता परत येणार म्हटल्यावर तिला स्थळं कशी यायची?"